नवख्यांसाठी उघडत गेलेली नोंदवही

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सावित्री नदीच्या मुखालगतचे क्षेत्र. श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या कुशीत आहे. पेशव्यांच्या भट घराण्याचे हे कुलदैवत. आधी कालभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा कालभैरवाचे दर्शन घेण्याचा इथला रिवाज. प्रदक्षिणेची वाट ओहोटीला मोकळी होते आणि भरतीला लाटांखाली जाते. अशा गावाविषयी लिहिणारे हात काळानुसार बदलत गेले: पुराणिक, कारकून, सरकारी अधिकारी, कोशकार आणि अखेरीस हातात मोबाइल असलेला कोणताही वाचक. मराठीतील नोंदलेखन याच वाटेने गेले आणि संगणकावरील सॉफ्टवेअरची मराठी मदतपानेही पुढे याच वाटेने आली. नवख्याला लिहिते करण्याच्या आड प्रत्येक टप्प्यावर काय आले, ते कसे दूर झाले आणि त्यानंतर कोणती नवी अडचण समोर आली, याचा हा आढावा आहे.

दप्तर आणि गॅझेटियर

हरिहरेश्वर पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हा भाग तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आला. जुन्या काळी अशा क्षेत्राची नोंद दोन प्रकारांनी होई. एक माहात्म्याची: पुराणिकाने सांगायची आणि भाविकांनी ऐकायची. दुसरी दप्तराची: इनामे, वहिवाट, देवस्थानाचा खर्च, जमिनीची मोजणी. दोन्हींचे लेखक ठरलेले असत. दप्तर मोडीत लिहिले जाई आणि मोडीत सफाईने लिहू लागण्याआधी बरीच उमेदवारी करावी लागे. मुळाक्षरे गिरवून झाली की मोडीचे वळण, मग दुसऱ्याच्या खर्ड्यांच्या नकला आणि त्यानंतर स्वतःचा मजकूर. वरिष्ठाच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद बाहेर पडत नसे. आधी पात्रता, मग तपासणी आणि शेवटी नोंद, असा तो क्रम होता.

इंग्रजी अमलात हा क्रम फारसा बदलला नाही, पण त्याचा पसारा वाढला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार झाले आणि त्याचा कुलाबा व जंजिरा यांच्यावरील अकरावा खंड १८८३ मध्ये निघाला. जिल्ह्यातील अधिकाऱ्यांकडून माहिती मागवायची, ती संपादकाने एका ठरावीक साच्यात बसवायची आणि इंग्रजीत छापायची, अशी कामाची पद्धत. त्यामुळे गावकरी माहिती पुरवणारा राहिला, लेखक झाला नाही. ग्रंथात काय लिहिले आहे, हे वाचून पाहण्याइतके इंग्रजीही बहुतेकांना येत नव्हते. एखादी चूक लक्षात आलीच, तर ती पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राही. कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरची सुधारित आवृत्ती १९६४ मध्ये, म्हणजे ८१ वर्षांनी आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दप्तराच्या बाहेरही एक वेगळा प्रयत्न सुरू झाला. पुण्यातील पेशवे दप्तर भारतीय अभ्यासकांना दीर्घकाळ सहज पाहायला मिळत नव्हते. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून घराघरांतील रुमाल सोडवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढायला सुरुवात केली. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. माळ्यावर जुने कागद पडलेले कोणतेही घर आता इतिहासाच्या कामात वाटेकरी होऊ शकत होते. त्यासाठी घरमालकाला निबंध लिहायचा नव्हता. कागद दाखवायचा होता. वाचन आणि शहानिशा करायला जाणते लोक होते. काम वाटून दिले की ज्याला लिहिता येत नाही त्याचाही हातभार लागतो, हे या पद्धतीने दाखवून दिले.

संपादक मंडळांचा काळ

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे केले. कोश मराठीत असल्याने भाषेची भिंत पडली. लेखनाची सूत्रे मात्र संपादक आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांच्याच हाती होती. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विषयवार नोंदींच्या याद्या, तज्ज्ञ लेखकांना निमंत्रण, संपादकीय संस्करण, परिभाषेचे एकसूत्रीकरण आणि मग छपाई, अशी त्याची शिस्त होती. या शिस्तीमुळे नोंदीला वजन आले. पण एखाद्या किनारी गावातील शिक्षकाला आपल्या क्षेत्राच्या नोंदीत एक ओळ सुधारावी असे वाटले, तर पत्र लिहून वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते.

कळफलकाचे कोडे

संगणक आल्यावर ही वाट आपोआप मोकळी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात मधली दोन दशके मराठी लेखक अक्षरांतच अडकला. १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित झाला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये इस्की ही भारतीय अक्षरसंहिता मानक म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. छापखाने, वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या मात्र श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटांवर चालत होत्या. त्यात प्रत्येक फाँटची अक्षरमांडणी वेगळी. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला, की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. जो मजकूर दुसऱ्याला वाचताच येत नाही, तो त्याने दुरुस्त करणे दूरच राहिले.

फरक कुठे होता, ते ‘हरिहरेश्वर’ हा एकच शब्द टाइप करून पाहिल्यास कळते. टंकलेखन यंत्राच्या मांडणीत अक्षरे दिसतील त्या क्रमाने उमटवावी लागत. त्यामुळे ‘रि’ लिहिताना आधी पहिली वेलांटी आणि मग ‘र’. युनिकोडमध्ये शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: ह, र, पहिली वेलांटी, ह, र, एक मात्रा, श, हलन्त, व, र, अशी एकूण दहा चिन्हे. इनस्क्रिप्टवर त्यासाठी इंग्रजी कळफलकावरच्या यू, जे, एफ, यू, जे, एस, शिफ्टसह एम, डी, बी आणि जे या कळा त्याच क्रमाने दाबाव्या लागतात. हा क्रम एकदा बोटांत बसला की लेखन वेगाने होते, पण तो बसण्याआधीच बहुतेक नवखे हात मागे घेत. म्हणून रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे टाइप करून देवनागरी मिळवण्याची साधने लोकप्रिय झाली.

मराठीच्या स्वतःच्या गरजा आणखी वेगळ्या होत्या. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्या’ नीट उमटला नाही, तर त्या जागी रफार येऊन शब्द बिघडतो आणि हा शब्द कोकणावरच्या लेखात पानोपानी लागतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले. तोपर्यंत हे अक्षर जुळवून घेतले जाई आणि दोन जणांनी लिहिलेला एकच शब्द संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द ठरत. शोध घेऊनही पान सापडत नसे आणि एकाच विषयावर दोन पाने तयार होत.

सॉफ्टवेअरची मदतपाने

सॉफ्टवेअर कसे वापरायचे, हे सांगणारे लेखन प्रारंभी ते सॉफ्टवेअर घडवणारेच करत. युनिक्स या कार्यप्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तिच्या कर्त्यांनीच काढली. ती नेमकी होती, पण जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेली होती. लिनक्स आल्यावर १९९२ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टने हे काम वापरकर्त्यांकडे सोपवले. एखादे काम कसे करावे, एवढेच सांगणाऱ्या सुट्या पुस्तिका अनेकांनी लिहिल्या. तिथेही मजकूर एका क्लिष्ट खूणपद्धतीत बांधावा लागे. विषय माहीत असलेला माणूस त्या खुणांपाशी अडखळे.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात भाषांतरातून झाली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधील प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडिकट्रान्स या गटाने मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे काम हाती घेतले. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून ‘लोहित’ हे मुक्त फाँट घडले आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’ मेळाव्याने विद्यार्थ्यांना या चळवळीची तोंडओळख करून दिली.

या भाषांतराचे काम एका साध्या दिसणाऱ्या फाइलमध्ये चाले. एका ओळीत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत मराठी. पण इंग्रजी ओळीत टक्क्याच्या चिन्हामागे दडलेल्या जागा असत. तिथे संगणक आयत्या वेळी नाव किंवा आकडा भरतो. भाषांतरात ते चिन्ह गळले तर सॉफ्टवेअर चुकीचे वागे. मेनूतील शब्दात कळेची खूण असलेले अक्षर अधोरेखित करायचे असे. देवनागरीत ते जमत नसल्याने ‘फाइल’ लिहून पुढे कंसात इंग्रजी ‘एफ’ ठेवण्याची रीत पडली. अशा बारीकसारीक बाबी कोणत्याच पुस्तकात नव्हत्या. जुना भाषांतरकार नव्याला सांगे आणि सांगणारा भेटला नाही, तर नव्याचे काम नाकारले जाई. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या केल्या. ‘सेव्ह’ला काय म्हणावे, यावर प्रत्येक नवख्याने नव्याने वाद घालण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

धूळपाटी आणि चावडी

नोंद करण्याचा जुना क्रम उलटा केला तो विकीने. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. इथे नोंद आधी होते आणि तपासणी नंतर. प्रत्येक पानाचा इतिहास जपला जातो, कोणताही बदल मागे घेता येतो आणि म्हणूनच चुकण्याची किंमत अल्प राहते. दप्तरातील कारकुनाला ज्या उमेदवारीतून जावे लागे, ती इथे लेखकाच्या पहिल्या बदलानंतर सुरू होते.

दार उघडे असले, तरी आत आलेल्याला पुढे कुठे जायचे ते कळावे लागते. मराठी विकिपीडियाने त्यासाठी केलेली व्यवस्था मराठी वाचकाच्या ओळखीच्या चालीरीतींवर बेतली. सराव करायचे पान ‘धूळपाटी’ झाले. तिथे लिहावे, पुसावे, कोणी विचारत नाही. सर्वांनी मिळून बोलायची जागा ‘चावडी’ झाली. वापराची माहिती देणारी पाने ‘साहाय्य’ या नामविश्वात ठेवली गेली आणि देखरेख करणाऱ्यांना ‘प्रचालक’ म्हटले गेले. नव्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा साचा लावायचा आणि त्यातच सुरुवातीच्या पानांचे दुवे द्यायचे, ही पद्धत पडली. साहाय्य पाने म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरची मराठी मदतपुस्तिकाच होती. ती वापरणाऱ्यांनीच लिहिली आणि सुधारली. जिथे नवखा अडखळला तिथे पुढच्या नवख्यासाठी एक ओळ वाढली.

मात्र पडद्यावरची बटणे आणि सूचना बदलण्याचा अधिकार सुरुवातीला प्रचालकांपुरता होता. २००६ नंतर ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळाने ते काम साध्या अर्जासारखे केले: डावीकडे इंग्रजी सूचना, शेजारी मराठीसाठी चौकट आणि खाली ती सूचना कुठे दिसते याचा खुलासा. टक्क्याच्या चिन्हासारखी एखादी गोष्ट गळली, तर अर्जच ते दाखवून देई. पूर्वी जुन्या भाषांतरकाराच्या डोक्यात असलेले ज्ञान अशा रीतीने कामाच्या जागीच लिहिलेले मिळू लागले.

खूणपद्धतीची अडचण मात्र इथेही होती आणि मराठीत ती दुहेरी झाली. विकीवर दुवा द्यायचा तर शब्दाभोवती चौकोनी कंसांच्या जोड्या लावाव्या लागतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्या कंसांच्या कळांवर ‘ड’ आणि नुक्ता आहेत. ‘श्रीवर्धन’ या एका शब्दाला दुवा द्यायलाही कळफलक इंग्रजीवर आणायचा, कंस टाकायचे, पुन्हा मराठीवर यायचे, शब्द लिहायचा आणि परत इंग्रजीवर जायचे. संपादन चौकटीवरील बटणांची पट्टी त्यामुळे मराठी लेखकाला अधिक उपयोगी पडली. २०११ पासून ‘नारायम’ या विस्ताराने विकीच्याच पानावर मराठी टाइप करण्याची सोय दिली आणि २०१३ मध्ये तिची जागा भाषानिवडीच्या व्यापक साधनाने घेतली. त्याच वर्षापासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दृश्य संपादकाने खुणा पडद्याआड नेल्या. पान जसे दिसते तसेच ते बदलता येऊ लागले.

पुण्यातील प्रयोग

नवख्यांना मोठ्या संख्येने आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न पुण्यात झाला. विकिमीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत शिक्षण कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून विकिपीडियावर, मुख्यतः इंग्रजीत, लेख लिहायचे होते. खाते उघडणे, लिहिणे आणि प्रसिद्ध करणे सोपे झाले होते आणि विद्यार्थी खूप होते. अनेकांनी पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून मजकूर उचलून जसाच्या तसा चिकटवला. प्रताधिकाराचा भंग करणारी ही पाने शोधून काढण्याचे ओझे मोजक्या स्वयंसेवकांवर पडले आणि वर्ष संपण्याआधीच कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. मुंबई विद्यापीठात भारतातील पहिली विकी परिषद भरली, तीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. उत्साह आणि त्याच्या मर्यादा एकाच वेळी पुढे आल्या.

नोंद आधी आणि तपासणी नंतर, हा क्रम तपासणारे हात पुरेसे असतील तोवरच चालतो. लिहिणारे झपाट्याने वाढले आणि तपासणारे तेवढेच राहिले, तर सोपा प्रवेश नवख्यालाच महाग पडतो; कारण त्याचे पहिलेच लेखन कोणी समजावून न सांगता पुसले जाते. पुढच्या काळात कार्यशाळा लहान गटांच्या झाल्या, लेख थेट प्रसिद्ध करण्याऐवजी आधी धूळपाटीवर लिहून घेतले जाऊ लागले आणि प्रताधिकार व संदर्भ हे विषय पहिल्याच तासाला आले. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या शासकीय संस्थाही महाविद्यालयांतील अशा कार्यशाळांत सहभागी झाल्या.

सॉफ्टवेअरच्या जगातही हाच बोध घेतला गेला. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या संकेतस्थळावर अनेक प्रकल्प सोप्या कामांना वेगळी खूण करून ती नवख्यांसाठी राखून ठेवतात आणि मदतपानावरच ‘हे पान सुधारा’ असा दुवा देतात. २००४ मध्ये आलेल्या मार्कडाउन या हलक्या खूणपद्धतीने मजकूर बांधण्याचे काम सोपे केले. नवख्याने सुचवलेला बदल जुन्या सदस्याने पाहून मगच मूळ पानात घेतला जातो. दप्तराची आधी तपासण्याची रीत इथे परतली, पण सर्वांसमक्ष: बदल का नाकारला, हे कोणालाही वाचता येते. विकिमीडियाने २०१८ मध्ये नवख्यांसाठी स्वतंत्र गट नेमला. त्यातून नव्या सदस्याला स्वतःचे मुखपृष्ठ, झेपतील अशी छोटी कामे आणि प्रश्न विचारायला एक मार्गदर्शक अशी व्यवस्था आली आणि ती पुढे अनेक भाषांत पोहोचली.

संदर्भाचा प्रश्न

लिपी, फाँट, कळफलक आणि खुणा हे अडसर बरेचसे दूर झाल्यावर उरतो तो पुराव्याचा. विकिपीडियावरील विधान प्रसिद्ध साधनातून पडताळता आले पाहिजे, असा नियम आहे. हरिहरेश्वरच्या रहिवाशाला प्रदक्षिणेची वाट भरतीच्या किती आधी सोडावी, कोणत्या खडकावर शेवाळ धरते, उत्सवात कोणाचा कोणता मान, हे पाठ असते. पण त्यातील बरेचसे कुठेच छापलेले नाही. ज्याला सर्वाधिक माहिती आहे, त्याच्याकडेच संदर्भ नाही. उलट दूर शहरात बसलेल्या लेखकाला १८८३ आणि १९६४ च्या गॅझेटियरांचा आधार घेऊन त्याच गावाबद्दल बिनदिक्कत लिहिता येते, कारण हे खंड आता इंटरनेटवर आहेत.

यावरच्या उपायांपैकी काही जुनेच आहेत. राजवाड्यांच्या पद्धतीत घरमालक कागद दाखवी आणि अभ्यासक तो वाची. आज विकिमीडिया कॉमन्सवर छायाचित्र आणि मराठी विकिस्रोतावर प्रताधिकारमुक्त ग्रंथाचे पान चढवणारा तेच करतो. खडकांची समुद्राने कोरलेली जाळी दाखवणारे स्वतः काढलेले छायाचित्र द्यायला संदर्भ लागत नाही. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने जुन्या कागदांचा मजकूर मूळ लिपीत संगणकावर आणता येऊ लागला. तोंडी माहितीसाठी स्थानिक संस्थांनी छोट्या पुस्तिका काढल्या, तर त्यांचा संदर्भ देता येतो. सॉफ्टवेअरच्या मदतपानांत ही अडचण नसते. तिथे लिहिल्याप्रमाणे कळ दाबून पाहिली की विधान खरे की खोटे ते लगेच कळते. म्हणून मराठीत लिहू पाहणाऱ्या नवख्याला साहाय्य पान सुधारणे हे ज्ञानकोशातील लेखापेक्षा सोपे पहिले काम ठरते. अडखळल्याची आठवण त्याची ताजी असते आणि जाणत्याच्या नजरेतून निसटलेली पायरी त्याला दिसते.